बाई गं, भंडाऱ्याला टर्बो लागला!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर बसा, पण आधी दार लोटून घ्या. गोष्ट चारचौघांत बोलण्यासारखी नाही. आमच्या भंडाऱ्यातली चांगल्या घरची, शिकलीसवरली, हप्ते वेळेवर भरणारी माणसं नादी लागली आहेत. नाद बाटलीचा नाही, पत्त्यांचा नाही आणि तुमच्या मनात आत्ता जे आलं त्याचाही नाही. तसलं काही असतं तर नातेवाइकांनी बसवून चार गोष्टी तरी सांगितल्या असत्या. हा नाद आहे जुन्या टर्बो मोटारींचा. जुन्या म्हणजे किती? त्यांतल्या काही माणसं असत्या तर २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींना बोटाला शाई लावून आल्या असत्या.

आगीत तेल पडलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस नावाची मोटार परदेशातून तयार आणून इथे विकायला काढली. नग किती? १००. अख्ख्या देशाला मिळून १००! ताकद २६५ पीएस, शून्यावरून शंभरचा वेग ६.४ सेकंदांत आणि एक्स-शोरूम किंमत ४९ लाख ९९ हजार. आता कहर ऐका. किंमत जाहीर व्हायच्या आधीच सगळ्या १०० जणांनी नावं नोंदवून ठेवली होती. किंमत न विचारता! शिव शिव. हे वाचून आमच्याकडच्या मंडळींनी काय करावं? ‘चला, सुटलो’ म्हणावं की नाही? छे! नवी आपल्या नशिबात नाही म्हटल्यावर त्यांनी तिची थोरली बहीण शोधायला घेतली. तीच ती, २००४ साली भारतात आलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस. जाणती माणसं तिला ‘व्हीआरएस’ म्हणतात आणि म्हणताना डोळे मिटतात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पदर डोक्यावरून घेऊन गप्प बसले असते. पण गावात दुसरा पक्ष निघाला. त्याचं दैवत इटालियन: फियाटची लिनिया टी-जेट, अवतार २०१० सालचा. झालं! आता संध्याकाळी हायवेकडच्या पानठेल्यावर दोन्ही पक्ष बसतात आणि जे बोलणं होतं ते लहान पोरांच्या कानावर पडू नये असं असतं.

“काऊन रे भाऊ, फियाट तं दुकान आवरून गेली. पार्ट कुठून आनतेस आता?”

“आनतो ना बाप्पा कुठूनबी. तुही म्हातारी वर्कशॉपात ऱ्हाते, माही रस्त्यावर ऱ्हाते.”

म्हातारी! ज्या माणसाला हे ऐकवलं तो तालुक्याच्या गावी नोकरीला आहे, चारजण त्याला सर म्हणतात. पण घरी त्या दिवशी जेवला नाही म्हणे.

आता आकडे ऐका, कारण या घरांत हल्ली शुभंकरोतीच्या वेळेला हेच म्हटले जातात. व्हीआरएसचं इंजिन १,७८१ सीसीचं. सिलिंडर चार, पण प्रत्येकाला पाच-पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस. ताकद १५० पीएस, टॉर्क २१० न्यूटन मीटर. टी-जेटचं इंजिन १,३६८ सीसीचं, व्हॉल्व्ह सोळा, ताकद ११४ पीएस आणि टॉर्क २०७ न्यूटन मीटर. पाहिलंत? ताकदीत ३६ पीएसचा फरक आहे, त्यावर कोणी भांडत नाही. तो मुकाट मान्य. भांडण पेटतं ते टॉर्कवर, जिथे फरक अवघा ३ न्यूटन मीटरचा! लिनियावाला म्हणतो, “चारशे सीसी कमी असूनही आमची तीनच पावलं मागे.” ऑक्टाव्हियावाला म्हणतो, “तुझा टॉर्क मिनिटाला २,२०० फेऱ्यांना जागा होतो, आमचा १,७५० लाच उठून बसतो.” आणि अशी ही माणसं घरी सकाळी आठला उठतात.

टर्बो म्हणजे तरी काय, हे मलाही सक्तीने समजावून देण्यात आलं. इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू एरवी सायलेन्सरवाटे वाया जातो. टर्बोत तो एका छोट्या पंख्यावर सोडतात. पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त आणि म्हणून ताकद जास्त. यात खोच अशी की वायूचा जोर वाढेपर्यंत पंखा आळसावतो. पाय दाबावा तर क्षणभर काहीच नाही, आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटते. त्या रिकाम्या क्षणासाठी ही माणसं जीव टाकतात. नव्या मोटारींत तो जवळपास नाहीसा झालाय, ही त्यांची तक्रार आहे. तक्रार, बरं का! दोष दुरुस्त केल्याची!

आणि तापलेला टर्बो एकदम बंद करायचा नसतो म्हणे, नाहीतर आतलं तेल करपतं. त्यामुळे साहेब घरी पोचतात, दारात उभे राहतात आणि इंजिन मिनिटभर नुसतं फुरफुरत ठेवतात. स्टेअरिंगवर हात, नजर काट्यावर, चेहऱ्यावर आरतीला उभं राहिल्याचा भाव. वर खिडकीतून वहिनी पेट्रोलचा भाव गुणिले एक मिनिट करत असतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी सांगत नाही.

पण खरा तमाशा पाहायचा तर जुनी व्हीआरएस विकत घेण्याआधी तिची तपासणी होते तेव्हा. आमच्या मागच्या वाड्यात झाली ती मी पडद्याआडून पाहिली, खोटं कशाला बोलू. वेळ पहाटेची, कारण इंजिन रात्रभर थंड असलं पाहिजे. चौघे आले. नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिल्याने बॉनेटवर तळहात ठेवला: विकणाऱ्याने आधीच सुरू करून गरम तर केली नाही ना? दुसऱ्याने तेलाचं झाकण फिरवून काढलं, उलटं केलं आणि टॉर्चच्या उजेडात बोट फिरवलं. काळा चिकट गाळ बसला असेल तर सौदा तिथेच मोडतो, कारण तो गाळ टर्बोच्या तेलाची वाट अडवतो. तिसऱ्याने इग्निशनच्या चारही कॉइल मोजल्या. त्या अधूनमधून राम म्हणतात, म्हणून मुरलेला मालक एक जास्तीची कॉइल डॅशबोर्डाच्या कप्प्यात गणपतीच्या फोटोशेजारी ठेवतो. चौथ्याने फक्त टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागितलं आणि ते कोर्टाचा निकाल असावा तसं उभ्याउभ्या वाचून काढलं. मग चावी फिरली. चारही माना एकाच बाजूला कलल्या. कोणी श्वास घेईना. एवढ्यात आजी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, हा देखावा पाहिला आणि घाबरून म्हणाल्या, “कोन बिमार आहे जी?”

तर चेक विरुद्ध इटालियन असा हा सामना. एकीच्या मागे १८९५ साली लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी म्लादा बोलेस्लाव या गावी उघडलेल्या सायकलींच्या धंद्याची पुण्याई, दुसरीच्या मागे तुरीन. लिनियावाला हायड्रॉलिक स्टेअरिंगचं असं वर्णन करतो की ऐकणाऱ्याला रोमला जाऊन आल्यासारखं वाटावं. ऑक्टाव्हियावाला दार लावून दाखवतो आणि ‘धप्’ आवाजात युरोप ऐका म्हणतो. पण मी एक गोष्ट विचारते. चेक मोटार जोडली कुठे गेली? तेव्हाच्या औरंगाबादेत, शेंद्र्याला, जालना रस्त्यावर. इटालियन मोटार झाली कुठे? रांजणगावला, महागणपतीच्या शेजारी! पुण्याहून निघून नगरमार्गे संभाजीनगर ओलांडलं की दोघींची माहेरं एकाच वाटेवर लागतात. इथल्याच हातांनी बोल्ट आवळलेत आणि आमची मंडळी भंडाऱ्यात बसून व्हेनिस आणि प्राग करताहेत. पासपोर्ट काढायचा अर्ज मात्र कोणी भरलेला नाही.

आणि अजून एक भानगड. ही सगळी सेडानची चर्चा ना? मग ऐका: ऑक्टाव्हियाची डिकी उघडली की मागची काचही सोबत वर जाते. शास्त्राप्रमाणे तिला सेडान म्हणता येत नाही, असा मुद्दा लिनियावाल्यांनी काढला तेव्हा पानठेल्यावर अबोला पडला होता. डिकी ५२८ लिटरची विरुद्ध ५०० लिटरची, हेही मोजून झालं. तुमसरच्या बाजारातून तांदळाची पोती आणायला कोणती बरी, एवढा शहाणपणाचा प्रश्न एका बाईने विचारला, तर दोन्ही पक्षांनी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी पोती टेम्पोनेच आणते.

आता तुम्ही म्हणाल, हे खूळ आपल्याकडचंच. नाही हो! मोठमोठ्या घरांतून आलंय. १९७३ साली जर्मनीत बीएमडब्ल्यूने ‘२००२ टर्बो’ काढली, १७० पीएसची. पुढच्या बंपराखाली ‘टर्बो’ हा शब्द उलटा लिहिलेला, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याने आरशात वाचावं आणि बाजूला व्हावं. असा उद्धटपणा! त्याच वर्षी तेलाचं संकट कोसळलं, लोकांनी तोंडात बोटं घातली आणि १,६७२ मोटारींवर गाशा गुंडाळावा लागला. त्याहून पुढची पायरी इंग्लंडची. १९९० साली लोटसने व्हॉक्सहॉलची सरळमार्गी चार दारांची कार्ल्टन घेतली, इंजिन ३.६ लिटरचं केलं, त्याला एक सोडून दोन टर्बो लावले आणि ३७७ अश्वशक्ती भरली. वेग ताशी २८० किलोमीटरच्या वर. वर्तमानपत्रांनी बंदीची मागणी केली, पोलिसांच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. १९९३ साली त्यांतली एक चोरीला गेली आणि चोर तिच्यातून सिगारेटी आणि दारूची दुकानं फोडत फिरले. पोलिसांच्या मोटारी मागे, ही पुढे, शेवटपर्यंत हाती लागली नाही म्हणतात. अशा ९५० झाल्या आणि आज त्या जपून ठेवलेल्या दागिन्यांच्या भावाने जातात. म्हणजे पाहा, जितकी बदनामी मोठी तितका भाव मोठा.

आमच्याकडे चोरांची भीती नाही. भीती सरकारी कागदाची. वीस वर्षं उलटलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय, आणि पहिल्या व्हीआरएसनी हा उंबरठा ओलांडला. वर हरित कर. त्यात काहींना ‘रीमॅप’चा मोह होतो, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला फूस लावून त्याच्याकडून जास्त काम करून घ्यायचं. मूळ रचनेत परस्पर फेरफार चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१९ सालीच बजावलंय. त्यामुळे हा विषय आला की मंडळी आवाज खाली आणतात आणि ‘आपल्या एका मित्राने’ अशी सुरुवात करतात. आणि पेट्रोलचं तर विचारूच नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. ते उसापासून, मक्यापासून होतं, तसं तांदळाच्या कणीपासूनही होतं. म्हणजे धानाच्या जिल्ह्यात राहून या माणसांना भीती कशाची, तर आपल्याच पिकाची! जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतील म्हणून रात्र रात्र झोप नाही.

बरं, एवढं करून ही ताकद वापरायची कुठे? शहरात बैल, ई-रिक्षा आणि शाळेच्या बसा. हायवेला लागावं तर नागपूर-रायपूरचे ट्रक रांगेने. आतल्या रस्त्याला वळावं तर सुगीत अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं. साकोलीच्या पुढे रस्ता नागझिरा-नवेगावच्या जंगलपट्ट्यातून जातो. तिथे वेग वाढवणाऱ्याला वनखात्याआधी मीच ओरडेन. वर आमचा जिल्हा असा की गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकांचे गिअरबॉक्स होतात आणि वरठीला सनफ्लॅगच्या भट्ट्यांत वाहन उद्योगासाठी पोलाद तयार होतं. म्हणजे दिवसभर खऱ्या कामाचा गिअर हाताळायचा आणि संध्याकाळी पाच गिअरांच्या मिरवणुकीच्या मोटारीपुढे हात जोडायचे!

सगळ्यात मोठा बाँब मी मुद्दाम मागे ठेवला होता. जून २०२२ मध्ये फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आली. आपल्या चाकणची. दीड लिटरचं टर्बो इंजिन, ताकद किती? १५० पीएस. अगदी व्हीआरएसइतकी! टॉर्क २५० न्यूटन मीटर, म्हणजे दोन्ही देवींपेक्षा निदान चाळीसने जास्त. वर वॉरंटी, एअरबॅगा, आणि पहाटे उठून झाकण उघडून पाहायला नको. मी हे पानठेल्याकडच्या एका भाच्याला सांगितलं. वाटलं, आता तरी शुद्धीवर येईल. तो शांतपणे म्हणाला, “मावशी, ते तं कोनीबी घेईल ना.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना वेग नकोच आहे! वेग आज शोरूममध्ये हप्त्यावर मिळतो. यांना हवी आहे तोलामोलाची चर्चा. जी मोटार कंपनीने बंद केली, जिचा पार्ट दुकानात मागितला तर दुकानदार वर मान करून पाहतो, जिच्याबद्दल दोन माणसं दोन तास बोलू शकतात आणि निकाल लागत नाही, तीच खरी. या मोटारी रस्त्यावर जेवढं पेट्रोल जाळतात त्याच्या दसपट तोंडाची वाफ पानठेल्यावर जळते.

आणि यावर गावच्या वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडावी? अहो, हीच मंडळी शंकरपटाला, बैलजोड्यांच्या शर्यतीला, पहाटेपासून जागा धरून बसणारी! लाखनीच्या पटात जोडी सुटायच्या आधी बैलांचे दात, खूर, शिंगं, गाव, आधीचा मालक आणि मागल्या पटात कितव्या सेकंदाला पोचली इथपर्यंत सगळं तोलून झालेलं असतं. जोडी हाकणारा धुरकरी कोण, यावर सख्खे भाऊ दोन तट करतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि नाटकाच्या मध्यंतरात पुन्हा जोडीचाच विषय. ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी आणली ती १६ डिसेंबर २०२१ पर्यंत टिकली. मग १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. बंदीच्या वर्षांत पट भरला नाही, पण कोणाची जोडी सरस यावरचा वाद एक दिवस तरी थांबला होता का? धावणं हे निमित्त. तोलणं हाच मूळ धंदा. ज्यांनी तो आयुष्यभर केला त्यांनी नातवाच्या तीन न्यूटन मीटरवर हसू नये. पण हे त्यांना सांगणार कोण? मी तर नाही बाई.

राहता राहिला निकाल. मला विचाराल तर शहाण्या माणसाने व्हर्टस घ्यावी. हळव्या माणसाने टी-जेट, कारण ती वरून चारचौघींसारखी दिसते, २०१० साली नऊ लाखांच्या आसपास सुरू झाली होती, आणि २,२०० फेऱ्यांच्या पुढे काय होतं ते फक्त चालवणाऱ्यालाच कळतं. आणि ज्याला गावात राहायचंय त्याने व्हीआरएस घ्यावी. कॉइल, गाळ, बेल्ट, काच, डिकी, फेरनोंदणी: तिच्याबद्दल बोलायला जितकं आहे तितकं लिनियाबद्दल नाही, आणि आम्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही काही विचार व्हायला हवा की नको?

अरे हो, जाता जाता एक. परवा कोणीतरी मित्सुबिशीच्या लॅन्सर इव्होल्यूशनचं नाव काढलं म्हणे. जपानी, दोन लिटरची टर्बो, चारही चाकांना ताकद देणारी. २०१० साली थोड्याशा इथे आल्या होत्या. नाव काढणारा कोण ते मी सांगणार नाही, मला कोणाची बदनामी करायची सवय नाही. फक्त एवढंच की तो सरकारी खात्यात आहे, मोहाडीकडचा आहे, त्याच्या बायकोने कालच माझ्याकडे भिशीचा नंबर लवकर लावून मागितला, आणि तिला अजून वाटतंय की पैसे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जाणार आहेत.